दौत कोणाची?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सकाळीं माझा एक जुना विद्यार्थी दारांत येऊन उभा राहिला. त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे झाले होते. चौकाचौकांतून वाढदिवसाचे व स्वागताचे जे भलेमोठे फ्लेक्सचे फलक आपण रोज पाहतों, ते छापण्याचा त्याचा धंदा. यंत्र बँकेचें कर्ज काढून घेतलेलें, आणि त्या एका यंत्रावर पांच माणसांचें घर चाललेलें. तो म्हणाला, "गुरुजी, रात्रींतून सगळी शाई वाहून गेली. यंत्र विकणारे म्हणतात, आमचे सीलबंद डबे सोडून तूं बाटल्या लावल्यास, आतां हमी संपली. मला एवढेंच सांगा, माझें चुकलें कोठें? माझ्या यंत्रांत मीं माझ्या हातानें शाई भरली, हा गुन्हा झाला काय?"

त्याच्या या प्रश्नांत वस्तुतः दोन प्रश्न आहेत. शाई वाहिली कां, हा एक. आणि शाई भरण्याचा हक्क कोणाचा, हा दुसरा. मी यंत्रज्ञ नव्हे. अडतीस वर्षें मुलांना इतिहास शिकविला आणि शिक्षक कमी पडले तेव्हां विज्ञानाचे तासहि घेतले, एवढेंच माझें भांडवल. परंतु इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. कोणताहि तंटा समोर आला कीं तो प्रथम विचारतो, हें असें केव्हांपासून चालत आलें? आजचें भाषण म्हणजे त्या खोडीचें फळ होय.

लिहिणाऱ्याची दौत लिहिणाऱ्याच्या मालकीची असे, इतकेंच नव्हे तर शाईहि बहुधा त्याच्याच घरची असे. तेलाच्या दिव्यावर धरलेलें काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी एवढ्या सामग्रीवर आपल्याकडे शतकानुशतकें लेखन चाललें. कष्ट काय ते घोटण्याचे. काजळ जितकें अधिक घोटावें तितकी शाई बोरूंतून सुरळीत उतरे. हिरडा व हिराकस यांची शाई निराळी. हिरड्यांतील तुरट द्रव्य आणि लोखंडाचा क्षार यांचा संयोग होऊन ती काळी होते. मात्र कालांतरानें ती तांबूस पडते आणि कागदालाहि खाते. काजळाला हा दोष नाहीं. कोळशाचा कण उन्हानें विटत नाहीं, हवेनें बदलत नाहीं. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद आजहि काळेभोर दिसतात याचें मर्म त्यांत आहे. आणि गंमत अशी कीं, माझ्या विद्यार्थ्याच्या यंत्रांत जी काळी शाई असते तिचा रंगहि मूळचें काजळच होय. कारखान्यांत धरलेलें, अतिसूक्ष्म दळलेलें, पण काजळच.

मुद्रणाच्या आरंभीं तरी हा संबंध कायम होता. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं अमेरिकन मिशनचा छापखाना पाहिला आणि आपणहि छापखाना काढावा असें त्यांच्या मनानें घेतलें. शिकवावयास कोणी नव्हतें. त्यांनीं लाकडी यंत्र घडविलें, शिळा शोधल्या, आणि शिळेवर चालेल अशी शाई अनेकदां फसत फसत स्वतःच्या हातानें तयार केली. १८३१ सालीं त्यांनीं मराठी पंचांग छापून काढलें. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं आपल्या 'मुंबईचें वर्णन' या १८६३ सालच्या ग्रंथांत या खटपटीचें मोठ्या कौतुकानें वर्णन केलें आहे. ज्या माणसानें यंत्र केलें त्यानेंच शाई केली. तेथें हमी देणारा कोण आणि ती काढून घेणारा कोण?

पुढें शाई बाजारांत आली, तरीहि पात्र ग्राहकाचेंच राहिलें. १९३१ सालीं दांडेकर बंधूंनीं मुंबईंत 'हॉर्स ब्रँड' नांवानें शाईची पूड व वड्या करून विकण्यास आरंभ केला. आजची कॅम्लिन ती हीच. पूड विकत घ्यावी, पाणी घरचें घालावें. माझ्या लहानपणीं शाळेचा शिपाई मोठ्या बाटलींत पूड कालवून ठेवी आणि ज्याची दौत रिकामी असेल त्याला चोचीच्या भांड्यानें भरून देई. आज कारखानदार ज्याला मोठें नांव देऊन 'बल्क इंक सिस्टिम' म्हणतात, तिचें पहिलें दर्शन मला त्या बाटलीच्या रूपानें झालें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां शाई वाहण्याच्या प्रश्नाकडे वळूं. शाईचें भांडें लेखणीच्या पोटांत नेतांच हा प्रश्न उत्पन्न झाला. भांड्यांतून शाई बाहेर पडावयाची तर तिच्या जागीं हवा आंत गेली पाहिजे. हवा गेलीच नाहीं तर शाई अडते; एकदम गेली तर भदकन् डाग पडतो. अमेरिकेंतील लुईस वॉटरमन यानें १८८४ सालीं जें पेटंट मिळविलें त्याचें सारें सार इतकेंच कीं, जिभेखालच्या पट्टींत बारीक चरे पाडून शाई खालीं आणि हवा वर अशी दुहेरी वाट करून दिली. एका विमापत्रावर डाग पडून गिऱ्हाईक हातचें गेलें म्हणून त्यानें हा शोध लावला, अशी एक गोष्ट सांगतात. ती जाहिरातदारांची असावी. विद्यार्थ्यांना ती सांगितली तर चालेल, पण परीक्षेंत लिहूं देऊं नये.

याच सुमारास शाईला लेखणीविना कागदावर पाडण्याची युक्तिहि निघाली होती. समुद्रतळांतून टाकलेल्या लांब तारांतून संदेश येत ते फार क्षीण असत. त्यांच्या जोरावर कागदावर टोंक घासणें शक्य नसे. म्हणून विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनीं १८६७ सालीं एक यंत्र योजिलें. केसासारखी बारीक कांचेची वक्रनलिका घ्यावयाची. तिचें एक टोंक शाईच्या टांकींत आणि दुसरें सरकत्या कागदाच्या पट्टीवर, पण कागदाला न टेकतां. शाईला विद्युद्भार दिला कीं ती त्या टोंकांतून थेंबाथेंबानें कागदावर उडे. शाईची उघडी टांकी, नळी, आणि कागदाला न शिवणारें टोंक: आजच्या फलक-यंत्राचे सर्व अवयव या यंत्रांत दीडशें वर्षांपूर्वीं हजर होते.

धार फुटून तिचे सारखे थेंब कां होतात याचें गणित लॉर्ड रॅले यांनीं १८७८ च्या सुमारास मांडलें. त्या गणिताचा उपयोग लेखनयंत्रांत झाला तो बराच उशिरां. स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट यांना १९५१ सालीं शाईची बारीक धार उडवून हृदयाचे आलेख काढणाऱ्या यंत्राचें अमेरिकन पेटंट मिळालें. मानवी शरीरांत १९५८ सालीं बसविलेला पहिला हृदयगति-नियामकहि याच गृहस्थांनीं घडविला. शाईच्या थेंबाची आणि हृदयाच्या ठोक्याची एकाच माणसानें काळजी वाहिली, हें मला विलक्षण वाटतें. असो. पुढें १९७७ सालीं जपानच्या कॅनन कंपनींत इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेंत डाखदेण्याची तापलेली सळई शाईनें भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागली आणि सुईंतून शाई उडाली. उष्णतेनें बुडबुडा करावा आणि त्यानें थेंब ढकलावा, ही कल्पना तेथून निघाली. अमेरिकेच्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनींत जॉन वॉट हे त्याच मार्गानें चालले होते. त्या कंपनीचें 'थिंकजेट' यंत्र १९८४ सालीं बाजारांत आलें.

येथें आपण क्षणभर थांबूं, कारण माझ्या मतें या कथेचा सांधा येथेंच बदलतो. वॉटरमनच्या पेटंटानंतर बरोबर शंभर वर्षांनीं निघालेल्या या यंत्रांत शाईचें पात्र आणि थेंब उडविणारें तोंड हीं दोन्ही एका लहानशा पेटींत बंद करून टाकलीं होतीं. शाई संपली कीं पेटी फेकावयाची आणि नवी आणावयाची. दौतीसकट टाक टाकून देण्याचाच हा प्रकार! यांत लबाडी होती असें मात्र मी म्हणणार नाहीं. बुडबुड्यानें तापणारें तोंड लवकर झिजतें. तें वारंवार बदलावयाचें तर शाईसह बदललेलें बरें, हा विचार कारागिराचा आहे. शिवाय जीं छिद्रें केसाहून बारीक आहेत त्यांत धुळीचा एक कण गेला तरी काम बिघडतें. बंद पेटींत धूळ जात नाहीं. परंतु सोयीसाठीं केलेली पेटी पुढें व्यापाराची खुंटी झाली. यंत्र स्वस्त द्यावें आणि पेटींतून पैसा काढावा, वस्तरा थोडक्यांत आणि पातें महाग, ही रीत रूढ झाली. गेल्या शतकाच्या अखेरीस पेट्यांवर एक चिप बसूं लागली. ती खर्च झालेली शाई मोजते. तिची मोजणी पूर्ण झाली कीं पेटींत शाई शिल्लक असो वा पुन्हा भरलेली असो, यंत्र म्हणतें, "पेटी रिकामी आहे." दौतीनेंच धन्याला लिहूं नकोस म्हणावें, असा प्रसंग लेखनाच्या इतिहासांत पूर्वीं कधीं आलेला माझ्या तरी वाचनांत नाहीं.

फलक छापण्याचीं मोठीं यंत्रें या घराण्यांतलींच. फ्लेक्स म्हणजे धाग्याच्या जाळीवर पीव्हीसीचा लेप दिलेलें कापड. पाण्यांत कालवलेली शाई त्यावर ठरत नाहीं, पहिल्या पावसांत धुपते. म्हणून रंग सॉल्व्हंटांत, म्हणजे विद्रावक द्रवांत, कालवितात. तो द्रव पीव्हीसीचा पृष्ठभाग किंचित मऊ करतो, रंगाचा कण आंत रुततो, आणि यंत्राची ऊब लागून द्रव उडून गेला कीं कण तेथेंच पक्का होतो. १९८८ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या व्हूटेक या कंपनीसारख्यांनीं रस्त्याकडेच्या प्रचंड फलकांसाठीं यंत्रें केलीं. २००० नंतर मिमाकी, म्यूतो, रोलँड या जपानी नांवांचीं मध्यम यंत्रें शहरोशहरीं पसरलीं. आपल्याकडे त्याच सुमारास कुंचल्यानें पाट्या व चित्रपटांचे फलक रंगविणाऱ्या कलावंतांचें काम झपाट्यानें गेलें. ती कथा निराळी, आणि दुःखाची.

या मध्यम यंत्रांत थेंब उडविण्याचें काम बुडबुडा करीत नाहीं. विजेच्या दाबानें आकुंचन पावणारा स्फटिक तें करतो. त्यामुळें तोंड, ज्याला कारागीर 'हेड' म्हणतात, तें वर्षानुवर्षें टिकतें. अर्थात् तोंडाबरोबर पेटी फेकण्याचें जें मूळ कारण तें येथें उरलेंच नाहीं. तरीहि शाई आली ती २२० किंवा ४४० मिलिलिटरच्या सीलबंद पेट्यांतच. चार रंगांच्या पेट्या दिवसभर फलक छापणाऱ्याला किती पुरणार? रात्रीं काम लावून निजावें तर मध्यरात्रीं पेटी संपून अर्धा फलक कोरा राहतो. म्हणून छापणाऱ्यांनीं आणि त्यांना सामान पुरविणाऱ्यांनीं तोड काढली. यंत्राच्या खणांत पुन्हा भरतां येणारी पेटी बसवावयाची, तिला नळी जोडावयाची, आणि नळीचें दुसरें टोंक लिटरभर वा अधिक शाईच्या बाटलींत सोडावयाचें. शाई संपत आली कीं बाटली भरावयाची; यंत्र थांबवावयासहि नको. मोठीं स्वस्त फ्लेक्स-यंत्रें तर प्रथमपासूनच डब्यांतून पंपानें शाई ओढतात. तेथें हा वाद उद्भवलाच नाहीं.

माझ्या विद्यार्थ्यानें हेंच केलें होतें, आणि त्याची चूक मला त्याच्या कारखान्यांत पाऊल टाकतांच दिसली. बाटल्या हाताशीं असाव्या म्हणून त्यानें त्या यंत्राच्या वरच्या फळीवर मांडल्या होत्या.

श्रोतेहो, हेडाच्या छिद्रांना झांकण नसतें. छिद्राच्या तोंडाशीं शाई थांबते ती दोन कारणांनीं: केशाकर्षणानें, आणि मागून तिला किंचित खालीं ओढणाऱ्या भारानें. बाटलींतील शाईची पातळी छिद्रांहून थोडी खालीं असली म्हणजे तोंडाशीं शाईचा पडदा आंतल्या बाजूस वांकून तोलून राहतो. पातळी फार खालीं गेली तर हेडाला शाई पुरत नाहीं आणि छपाईंत पांढऱ्या रेघा येतात. पातळी वर गेली कीं केल्व्हिनची वक्रनलिका आपलें काम सुरू करते. तिला रात्र आणि दिवस सारखेच. यंत्रायंत्रांच्या रचनेंत थोडा फरक असतो, कोठें मध्यें झडप असते, परंतु पाण्याचा धर्म कोणत्याहि कंपनीला बदलतां आलेला नाहीं. मीं सातवीच्या वर्गांत याच मुलाला रबराच्या नळीनें एका बादलींतून दुसऱ्या बादलींत पाणी काढून दाखविलें होतें. त्याला तें आठवत होतें. बाटल्या मांडतांना आठवलें नाहीं.

वॉटरमनचा धडाहि येथें लागू पडतो. बाटलीच्या बुचाला हवेचें छिद्र हवें. धुळीच्या भीतीनें तें बंद केलें तर बाटलींत पोकळी होऊन शाई अडते, आणि हेड बिघडलें असें वाटून कारागीर भलताच खर्च करवितो. छिद्र उघडें ठेवून त्यावर बारीक गाळणी बसवावी, हें खरें. यापेक्षां मोठा धोका शाई मिसळण्याचा. एका कारखान्याच्या उरल्या शाईवर दुसऱ्याची ओतली तर दूध नासावें तशी ती कधीं कधीं नळींतच नासते, चिकट गाळ होतो, आणि हेड कायमचें जातें. रंगाचे कण तळाशीं बसतात म्हणून बाटल्या नियमानें हलवाव्या लागतात. आणि विद्रावकाच्या वाफेविषयीं तर मी त्याला रागावूनच बोललों. ती डोक्यांत जाते, पेट घेते, आणि त्याच्या खोलीला एकच खिडकी होती, तीहि पावसामुळें लावलेली. तेव्हां सीलबंद पेटी विकणारा जेव्हां म्हणतो कीं, हातानें भरलेल्या शाईनें यंत्र बिघडतें, तेव्हां तो सर्वस्वीं खोटें बोलत नाहीं. निष्काळजीपणें भरलेल्या शाईनें तें बिघडतेंच. माझें म्हणणें इतकेंच कीं, निष्काळजीपणाबद्दल हमी नाकारणें वेगळें आणि भरण्याचा हक्कच नाकारणें वेगळें.

या हक्काचा खल दोन मोठ्या देशांच्या सर्वोच्च न्यायालयांपुढें झाला, आणि दोघांनीं दोन दिशांना तोंडें केलीं. जपानांत कॅननच्या रिकाम्या पेट्या धुऊन, पुन्हा भरून विकणाऱ्या रीसायकल असिस्ट या कंपनीविरुद्ध ८ नोव्हेंबर २००७ रोजीं निकाल लागला. न्यायालयानें म्हटलें, पेटीच्या पेटंटाचा जो गाभा, तोच धुण्याभरण्यानें पुन्हा अस्तित्वांत आणला जातो. ही दुरुस्ती नव्हे, नवी वस्तु निर्माण करणेंच होय. अमेरिकेंत लेक्समार्क आणि इम्प्रेशन प्रॉडक्ट्स यांच्यामधील खटल्यांत ३० मे २०१७ रोजीं उलट ठरलें. तो खटला पुन्हा भरलेल्या टोनरच्या डब्यांचा होता. तेथील न्यायालय म्हणालें, पेटंटवाल्यानें वस्तु एकदां विकली कीं तिच्यावरचा त्याचा पेटंटहक्क संपला. विकतांना कसलीहि अट घातलेली असो. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीं जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचा दाखला दिला. मोटारीच्या प्रत्येक भागाच्या पेटंटवाल्याला विचारीत बसावें लागलें तर तें दुकान चालेल कसें, असा त्यांचा आशय होता. माझा कल दुसऱ्या निकालाकडे आहे हें मी लपवीत नाहीं. मात्र लक्षांत ठेविलें पाहिजे कीं, हे दोन्ही खटले भरून विकणाऱ्यांचे होते. आपल्याच यंत्रांत आपल्यासाठीं शाई भरणारा माझा विद्यार्थी त्यांपैकीं कोणत्याहि पिंजऱ्यांत उभा नव्हता.

न्यायालयांपेक्षां बाजारानें लवकर निकाल दिला, असेंहि म्हणतां येईल. इंडोनेशियांत एप्सन कंपनीच्या घरगुती यंत्रांना दुकानदार बाहेरून टांक्या व नळ्या जोडून देत. कंपनीनें काय करावें? २०१० सालीं तिनें त्याच देशांत स्वतःच टांकीचें यंत्र विक्रीस काढलें. बाटली आणावी आणि ओतावी. तें पुढें आपल्याकडेहि आलें आणि आज कित्येक घरांत आहे; आपणांपैकीं कांहींच्या मुलांचे शाळेचे प्रकल्प त्यावरच छापले जात असतील. सॉल्व्हंट यंत्रांच्या बाबतींत मिमाकीनें दोन-दोन लिटरची स्वतःची व्यवस्था पुढें आणली. काल ज्याला बंडखोरी म्हटलें, त्याला आज कारखान्यानें आपलें नांव दिलें. मात्र त्यांतल्या कांहीं व्यवस्थांना चिप आहेच. दौत मोठी झाली. किल्ली कोणाच्या कनवटीला, हा वाद मिटलेला नाहीं.

हें सर्व मीं त्या दिवशीं विद्यार्थ्याला त्याच्या कारखान्यांत स्टुलावर बसून सांगितलें. त्यानें तें वर्गांत ऐके त्याहून अधिक लक्षपूर्वक ऐकलें, मध्यें एकदां सॉल्व्हंटानें हात पुसले, आणि शेवटीं विचारलें, "पण गुरुजी, फळी नेमकी किती खालीं घेऊं?" मग आम्हीं यंत्राचें माहितीपुस्तक काढलें, त्यानें विजेरी धरली, आणि मीं खिशांतल्या फूटपट्टीनें हेडापासून खालचें अंतर मोजून भिंतीवर पेन्सिलीनें खूण केली. वरची फळी त्यानें त्याच दुपारीं काढली. खिडकी उघडी ठेवण्यासाठीं बाहेरून पत्र्याची झडप बसवून घेण्याचें त्यानें कबूल केलें आहे.